वहिनींच्या डाव्या हाताला नाडीच लागत नाही

कृष्णाकाठ — सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही पलूसजवळचे. थोरला भाऊ तासगावकडे द्राक्षबाग करतो, तो आणि वहिनी तिकडेच असतात. वहिनींचं वय २७. गेले सहा-सात महिने त्यांचा डावा हात लवकर भरून येतो. दोन भाकरी थापल्या की हात खाली सोडून बसतात. केस विंचरायला वर धरला की मुंग्या. छाटणीच्या दिवसांत काडी धरून धरून असं होत असेल म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. मधूनमधून कणकण असते आणि वजनही चारेक किलो उतरलंय.

गेल्या आठवड्यात आईने त्यांना अंगदुखीसाठी गावातल्या वैद्यांकडे नेलं. माणूस जुन्या वळणाचा, बायकांची नाडी डाव्या हाताचीच बघतो. बराच वेळ बोटं ठेवून बसले, जागा बदलली, मग उजवा हात मागितला. म्हणाले, "डाव्या बाजूला नाडीच नाही. आधी डॉक्टरला दाखवा, माझं औषध मागनं." घरी आल्यावर भावाने थट्टाच केली, नाडी नाही तर ही बोलतेय कशी?

तरी दोन ठिकाणी बीपी बघून आलो. पहिल्या ठिकाणी डाव्या हाताला मशीनवर एरर. सेल उतरलेत म्हणाले आणि उजव्या हाताला लावलं, १३८/८६. दुसऱ्या ठिकाणी पुन्हा डाव्याला एरर. तिथल्या बाई म्हणाल्या पट्टा सैल आहे. आता मला सांगा, दोन गावांतली दोन मशीनं एकाच हाताला कशी बिघडतील?

शंकेखोर — सोमवार, रात्री ९:५८

मशीनचं सोडा. नाडी बंद म्हणजे हृदय बंद असंच आजवर ऐकलंय. एका हाताची बंद असू शकते? भाबडा प्रश्न आहे, हसू नका.

मिरजकर_काकू — सोमवार, रात्री १०:१५

हसण्यासारखं काही नाही, शिकाऊ पोरीही हेच विचारायच्या. मिरजेत ३४ वर्षं स्टाफ नर्स होते, आता निवृत्त.

कृष्णाकाठ, आधी तुमची बोटं तपासून घ्या. नाडी न लागण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे बघणाऱ्याला ती बघता न येणं. अंगठा वापरायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते, तुम्ही आपलीच मोजत बसाल. तर्जनी, मधलं आणि अनामिका, तीन बोटं मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हाडाच्या आतल्या खाचेत ठेवायची. हलकी. नवखा माणूस इतकं दाबतो की धमनी चपटी होते आणि मग म्हणतो नाडी नाही. हात गार असेल तर आधी चोळून गरम करा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली तरी चालते, पण ठोके आगेमागे पडत असले तर पूर्ण मिनिट मोजायचं.

मग कोपराच्या आतल्या बाजूला, दंडाच्या स्नायूच्या आत बघा. तिथेही लागत नसेल तर गोष्ट मनगटाची नाही, वरची आहे. दोन्ही हात एकाच वेळी धरून बघा, फरक लगेच कळतो. मानेची नाडी मात्र दोन्हीकडची एकदम कधीही दाबू नका, म्हाताऱ्या माणसाला तर घेरी यायची.

घाटवाट — सोमवार, रात्री १०:३२

साताऱ्यातून. माझी स्वतःची गंमत सांगतो. यवतेश्वरचा घाट पळतो, सातारा हिल हाफ मॅरेथॉनची तयारी वर्षभर चालू असते. विम्याच्या तपासणीत डाव्या मनगटाला नाडी लागेना आणि उजवीकडे मिनिटाला ४६. तपासणारा घाबरला. शेवटी एका जुन्या डॉक्टरांना डावी नाडी अंगठ्याच्या मुळाशी मागच्या बाजूने सापडली, जन्मापासून वाट वाकडी. आणि ४६ हा पळणाऱ्याचा आकडा आहे. मोठ्या माणसाचा बसल्या बसल्या ६० ते १०० असतो, आमचा खाली जातो.

मंद नाडी आणि क्षीण नाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. माझी मंद आहे, पण ठोका दणदणीत.

बागायतदार — मंगळवार, सकाळी ६:२०

आवो सोपं हाय. ठिबक बघा. एका लॅटरलला, म्हंजी रांगेतल्या नळीला, पाणी येत न्हाय आणि बाकीच्या समद्या चालूत, तर मोटर खोलून कोण बसत न्हाय. तिथं काडीकचरा अडकलाय न्हायतर नळी दबलीया. पण समद्याच लॅटरल कोरड्या पडल्या तर मग मोटर बघायची, विहीर बघायची. पाहुण्यांच्या वहिनींची एकच लॅटरल बंद हाय.

आमच्या आबांचं विचारायचं हुतं. वय ६२, साखर हाय, विडी ४० वर्षं. शंभर पावलं चाललं की पोटरी आवळतीया, थांबलं की दोन मिनिटात बरं. रात्री पाय खाटंखाली सोडून झोपत्यात, तसंच बरं वाटतंय म्हणत्यात. मणक्याचं आसंल म्हणून तेल लावतोय.

स्टेथो_कराड — मंगळवार, दुपारी २:०५

बागायतदार, तुमचं ठिबक मी उद्यापासून ओपीडीत वापरणार. कराडला मेडिसिनची प्रॅक्टिस करतो. इथून निदान करत नाही, पण दोघांनीही या आठवड्यात दाखवायला हवं.

बोटाला लागते ती दाबाची लाट. हृदय आवळलं की महाधमनीत रक्ताचा लोंढा शिरतो आणि त्या धक्क्याची लाट धमन्यांच्या भिंतींतून पुढे पळते. रक्त तिच्या मागून बरंच हळू येतं. म्हणून नाडी लागत नाही याचा अर्थ रक्त जात नाही असा होतोच असं नाही. मोठी वाट हळूहळू बुजत गेली की शरीर आजूबाजूच्या बारीक वाटा रुंद करून घेतं. हात जिवंत राहतो, बसल्या बसल्या दुखतही नाही. भाकऱ्या थापायला लागलं, स्नायूंनी जास्त रक्त मागितलं की मात्र ते पुरत नाही. वहिनींचं वर्णन अगदी असंच आहे.

२७ वर्षांची बाई, हात भरून येणं, कणकण, वजन उतरणं, एका हाताला बीपीच न मिळणं. एवढं वाचून माझ्या मनात एक नाव आलंय, पण ते तपासण्यांनंतर. आज एवढंच करा: हाताने दाब द्यायचं साधं बीपीचं यंत्र असलेल्या डॉक्टरांकडे दोन्ही हातांचं आणि दोन्ही पायांचंही बीपी बघून घ्या. दोन हातांतला वरचा आकडा पुन्हा पुन्हा १० पेक्षा जास्त वेगळा येत असेल तर त्याचं कारण शोधायचं असतं. गळ्याच्या हाडाच्या वर आणि पोटावर स्टेथो लावून फुसफुस ऐकू येते का तेही बघायला सांगा. अरुंद जागेतून रक्त जाताना तसा आवाज येतो.

आबांचं: पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे नाडी बघा. पावलावरची काही धडधाकट माणसांतही लागत नाही, पण दोन्ही जागी नाही आणि वर हा त्रास, म्हणजे पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचा दाट संशय. मणक्याच्या दुखण्यातही चालताना पाय भरतात, पण तो माणूस नुसता उभा राहून मोकळा होत नाही, त्याला बसावं किंवा वाकावं लागतं. घोट्याचं बीपी भागिले दंडाचं बीपी, हे गुणोत्तर ०.९ च्या खाली आलं तर अडथळा आहे असं धरतात. साखरेच्या रुग्णात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवा, जास्तच येतो, तेव्हा डॉप्लर (धमनीतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करावा. रात्री पाय खाली सोडून झोपणं हे मला आवडलेलं नाही, उशीर करू नका. विडी आजच बंद, तंबाखू-मशेरीही. आणि थंड पाय म्हणून गरम पाण्यात बुडवू नका, शेक देऊ नका. संवेदना कमी असेल तर भाजल्याचं कळत नाही आणि तिथूनच जखम चिघळते.

पेठेतला_म्हातारा — मंगळवार, संध्याकाळी ७:१०

माझ्या डाव्या मनगटाला गेली आठ वर्षं नाडी नाही, आणि मी मजेत आहे. बायपासला डाव्या हातातलीच धमनी काढून हृदयाला जोडली. हाताला करंगळीकडच्या दुसऱ्या धमनीचं रक्त पुरतं. ऑपरेशनआधी दोन्ही धमन्या दाबून, मग एक सोडून तळहात किती वेळात लाल होतो ते बघितलं होतं. नवीन नर्स आली की मी मुद्दाम डावा हात पुढे करतो.

मिरजकर_काकू — मंगळवार, संध्याकाळी ७:३४

काका, असले पेशंट माझ्या वाट्याला फार आले! मनगटातून अँजिओग्राफी झाल्यावरही कधीकधी तिथली नाडी जाते आणि हात ठीक राहतो. डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शिरेचा केलेला जोड) असलेल्या हाताला तर थरथर लागते. त्या हाताला पट्टा बांधायचाच नाही.

शंकेखोर — मंगळवार, रात्री ८:०२

म्हणजे कधी घाबरायचं आणि कधी नाही? काका मजेत, आबांना लगेच दाखवा, वहिनींनाही दाखवा. डोकं गरगरलं.

मिरजकर_काकू — मंगळवार, रात्री ९:२०

किती वेळात झालं ते बघायचं, बाळा. काकांची आठ वर्षांपूर्वी गेली आणि का गेली ते माहीत आहे. वहिनींची महिन्यांत. पण आत्ता होती आणि तासाभरात गेली, हात किंवा पाय एकदम दुखायला लागला, पांढराफटक, गार, बधिर, बोटं हलेनात, तर घड्याळ लावून पळायचं. अनेकदा हृदयातली गुठळी सुटून धमनीत अडकलेली असते. सहा तासांच्या आत ती काढली तर अवयव वाचायची आशा चांगली. रात्रभर हळद-तेल चोळून सकाळी आणलेले पाय मी बघितलेत, पुढचं लिहीत नाही.

आणि सगळीकडचीच नाडी धाग्यासारखी लागत असेल, तर बागायतदार म्हणतात तसं विहीर आणि मोटर बघायची. मला गॅस्ट्रोच्या साथी आठवतात. पावसाळ्यात एका वाडीतून बैलगाडीतून एक बाप्या आणला होता. डोळे खोल, चिमटा घेतलेली कातडी तशीच उभी, मनगटाला नाडी नाही, बीपी नाही, मानेला मात्र फडफड. चाळीशीचा गडी, सकाळी उसात पाणी पाजत होता म्हणे. सिस्टरने दोन्ही हातांना सलाईन लावलं, बाटल्या हाताने दाबून दाबून सोडल्या. मी मनगट धरून बसले होते. तीन बाटल्या जाईपर्यंत काही नाही. मग बोटाखाली काहीतरी हललं, मला वाटलं माझीच नाडी. पुन्हा हललं. तासाभराने त्याने चहा मागितला. नोकरीत एवढा आनंद मला पगारवाढीचाही झाला नसेल.

त्या वेळी आम्हाला शिकवायचे की मनगटाला नाडी लागते म्हणजे वरचं बीपी निदान ८० तरी आहे. आता ते गणित तितकं भरवशाचं मानत नाहीत. पण मनगटाची आधी जाते आणि मानेची शेवटी, हा क्रम डोक्यात ठेवा. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं, तेही बघा. थंडीत मात्र तो वेळ लांबतो.

शंकेखोर — मंगळवार, रात्री ९:४१

काकू, दंडवत. शेवटचा प्रश्न: रस्त्यात कोणी कोसळला तर मानेला नाडी बघायची ना?

स्टेथो_कराड — मंगळवार, रात्री ११:१५

नाही. हे मुद्दाम ठासून सांगतो. घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या बोटांतले ठोके लागतात आणि तो वाट बघत बसतो. प्रशिक्षित माणसालाही नाडी शोधायला दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ देत नाहीत. सामान्य माणसाने दोनच गोष्टी बघायच्या: हाक मारून, खांदे हलवून प्रतिसाद आहे का, आणि श्वास नीट चालू आहे का. अधूनमधून तोंड उघडून आचके देणं म्हणजे श्वास नव्हे. दोन्ही नाही, तर एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी तळहाताने दाबायला लागायचं. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. चुकून हृदय चालू असलेल्या माणसाला दाबलं तर होणारं नुकसान थोडं असतं. बंद असलेल्याला न दाबणं जिवावर येतं.

ओआरएसवाल्या_ताई — बुधवार, सकाळी १०:०३

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

शंकेखोर — बुधवार, सकाळी १०:४४

ताईंनी प्रतिसाद उडवला, पण मी वाचला. वैद्यांचं नाडीपरीक्षण थोतांड आहे असं काहीसं होतं.

स्टेथो_कराड — बुधवार, दुपारी ३:३०

बोटांखालच्या चालीला साप, बेडूक आणि हंसाच्या उपमा देऊन दोष ओळखतात, त्यावर मला मत देण्याइतकं कळत नाही. पण या प्रकरणात वैद्यांनी बोटं ठेवली, नाडी नाही हे ओळखलं, दुसऱ्या हाताशी ताडून बघितलं आणि स्वतःचं औषध न देता पुढे पाठवलं. मशीन लावणाऱ्या दोघांनी बोटंच लावली नाहीत. या धाग्यापुरती गुणपत्रिका एवढीच.

कृष्णाकाठ — तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:२०

उशिराबद्दल माफी. डॉक्टर म्हणाले तसं साध्या यंत्रावर बघितलं. डावा हात: काही ऐकूच येत नाही. उजवा: १३८. पाय: १७०. आम्हाला वाटलं पायाचा आकडा चुकला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पायाचा दहा-वीसने जास्त असतोच, पण इथे अंतर त्याहून जास्त आहे. म्हणजे उजवा हातही खरा दाब सांगत नसेल, पायाचा आकडा खऱ्याच्या जवळ असेल. तिथून मिरजेला.

सीटी अँजिओग्राफीत डाव्या हाताकडे जाणारी मुख्य धमनी उगमापाशीच जवळजवळ बंद, उजवीकडची थोडी अरुंद, आणि डाव्या मूत्रपिंडाची धमनीही अरुंद. बीपी त्यामुळे चढतंय. ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारे रक्तातले आकडे, वाढलेले. निदान: टाकायासू आर्टरायटिस. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मोठ्या धमन्यांच्या भिंतींना सूज आणते, भिंत जाड होते, आतली वाट बुजते.

टीबी नाही याची खात्री करून स्टेरॉइड सुरू केलंय, सोबत मेथोट्रेक्सेट, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं हे तीनदा बजावलं. रोज घेतलं तर घात होतो म्हणाले. त्यावर असताना दिवस जाता कामा नयेत हेही सांगितलं. वहिनी तिथेच गप्प झाल्या. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकटीला परत आत बोलावलं आणि समजावलं, आजार शांत झाला की औषध बदलून बाळाचा विचार करता येतो, अशा पुष्कळ जणींना मुलं झालीत. वहिनी बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदा नीट जेवल्या. फुगा घालून धमनी उघडणं किंवा बायपास लागलाच तर सूज उतरल्यावर, पेटलेल्या धमनीला शक्यतो हात लावत नाहीत.

भाऊ वैद्यांना भेटून आला. पेढे घेऊन गेला होता. काय बोलला ते सांगत नाही.

स्टेथो_कराड — रविवार, रात्री ९:५०

माझ्या मनातलं नाव हेच होतं. नाव कुठून आलं ते ऐका. मिकिटो टाकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ. १९०८ साली त्यांनी एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांच्या गोल जुळण्या दिसल्याचं मांडलं. मनगटाची नाडी त्यांच्या सांगण्यात नव्हती. त्याच सभेत ओनिशी आणि कागोशिमा या दोघांनी आपल्या तशाच रुग्णांना मनगटाला नाडी लागत नसल्याचं सांगितलं. नाव मात्र टाकायासूंचं राहिलं. पुढे याला नाडीहीन आजार असंही म्हणू लागले. चाळिशीच्या आतल्या बायकांत जास्त, आशियात जास्त. आपल्याकडे पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या धरल्या गेल्याचं पुष्कळ दिसतं. म्हणून तरुण मुलीचं बीपी चढलेलं दिसलं की चारही अवयवांची नाडी बघावी.

योगायोग असा की, विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांच्या हातापायांच्या धमन्या बुजवणाऱ्या आजाराचं लिओ बर्गर यांचं वर्णनही १९०८ चंच. बागायतदार, आबांचं काय झालं?

बागायतदार — सोमवार, सकाळी ६:०५

डॉप्लर केला. मांडीतली नस बुजलीया, पण फुगा घालून उघडली. पावलाची नाडी परत आली, तिथल्या शिस्टरनं पेनानं फुली मारून दिलीया, रोज तिथंच बोट ठेवून बघा म्हणून. विडी सुटली न्हवं, मी काढून घेतली. शिव्या खातोय. रोज सकाळी आबा पाय पुढं करत्यात आणि नातू फुलीवर बोट ठेवून मोजतोय. चुकतोय, पण मोजतोय.

मिरजकर_काकू — सोमवार, सकाळी ८:११

फुली अंघोळीला पुसली की त्याच जागी परत काढा, अंदाजाने नको.

कृष्णाकाठ — पुढच्या महिन्यात, शुक्रवार, रात्री ८:४५

सीआरपी उतरलाय. हात अजून भरतो, पण चार भाकऱ्या होतात. फाइलच्या पहिल्या पानावर भावाने लाल पेनने लिहिलंय: डाव्या हाताला बीपी मोजू नये, तिथे नाडी लागत नाही.

काल वहिनींचं रक्त तपासायला द्यायला गेलो. तिथल्या पोराने फाइल न उघडताच डाव्या हाताला पट्टा गुंडाळला. मशीन दोनदा फुगलं, दोनदा एरर. पोरगं सेल काढायला लागलं. वहिनींनी काही न बोलता बाही वर केली आणि उजवा हात टेबलावर ठेवला.